आधी मिटलेले, मग उघडे

पासपोर्टच्या फोटोसाठी गिऱ्हाईक स्टुलावर बसायचं, केसांवरून हात फिरवायचं, हनुवटी वर घ्यायचं, आणि काकू म्हणायच्या, "डोळे मिटा."

"मिटू?"

"मिटा की. झोपायला नाही सांगत, मिटायला सांगतेय."

माणूस बिचारा मिटायचा. काकू एक फोटो काढायच्या. मग "आता उघडा," म्हणून दुसरा. उघड्या डोळ्यांचे आठ फोटो कापून पाकिटात घालून गिऱ्हाइकाला. मिटलेल्या डोळ्यांचा एक काकूंना. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं होतं, "मिटून उघडले की डोळ्यांत जरा पाणी येतं. फोटो जिवंत दिसतो."

हेही खरं असेल. पण त्यांच्या कॉम्प्युटरवर 'निजलेले' नावाचा एक फोल्डर होता, आणि तळेगावपासून कामशेतपर्यंतची माणसं त्यात डोळे मिटून ओळीनं पडलेली होती. मुख्याध्यापक, दोन माजी सरपंच, एक फौजदार, किराणावाले, त्यांच्या सुना. "अर्धा मावळ माझ्याकडं निजलाय," काकू मिश्री लावता लावता म्हणायच्या, "आणि एकाला पत्ता नाही."

मी मूळची परभणीकडची. नववीत शाळा सुटली, पुढं लग्न झालं, आणि मिस्टरांना एमआयडीसीत काम लागलं म्हणून आम्ही घोरावाडी स्टेशनच्या मागं खोली घेतली. मालकीण म्हणजे काकू. पुढं त्यांचा स्टुडिओ, मागं त्या, आणि त्यांच्याही मागं आम्ही. भाडेकरूंना नियम एकच, अंगणातल्या पुढच्या तारेवर कपडे वाळत घालायचे नाहीत. तिथं फोटोच्या मागं लावायचा पांढरा पडदा वाळायचा. एकदा मी चुकून मिस्टरांचा शर्ट टाकला. संध्याकाळी तो घडी होऊन दाराशी आला, खिशात चिठ्ठी, "ह्याला पुढच्या वेळी स्टुलावर बसवीन."

मला भीती वाटायची त्यांची. मला तशी सगळ्यांचीच वाटायची. बँकेत, दवाखान्यात, कुणी फॉर्म पुढं केला की माझ्या हाताला घाम सुटायचा. काकूंनी मला कामाला घेतलं ते काही विचारून नाही. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. काकू येऊन उभ्या राहिल्या, बराच वेळ बघत राहिल्या.

"तू एकेक खडा उचलतेस?"

"हो."

"बाकीच्या बायका खड्याबरोबर चिमूटभर तांदूळपण फेकतात. उद्यापासून पुढं ये."

हे त्यांनी का बघितलं ते मला पुढं कळलं. काकूंचा नवरा फोटोग्राफर होता, तेव्हा रिळांचे दिवस होते. निगेटिव्हवर अणकुचीदार पेन्सिलीनं चेहऱ्यावरचे डाग बुजवायचं काम काकू करायच्या. नखाएवढा चेहरा, त्यावर टाचणीच्या टोकाएवढा डाग. "या पट्ट्यातल्या निम्म्या बायकांची लग्नं माझ्या पेन्सिलीनं जमलीत," त्या म्हणायच्या, "नवऱ्यांना कळेस्तोवर पोरं झालेली."

नवरा गेला, रिळं गेली. काकूंनी पुतण्याकडून जुना कॉम्प्युटर आणि फोटो एडिटिंगचं त्याहून जुनं सॉफ्टवेअर उचललं आणि वयाच्या साठीत पेन्सिलीच्या जागी माऊस धरला. माऊसशेजारी मिश्रीची डबी. काळं बोट माऊसला लागू नये म्हणून मिश्री डाव्या हातानं. हा एक नियम त्यांनी स्वतःलाही लावून घेतला होता.

व्हिडिओवर मात्र त्यांचा राग. शेजारच्या गाळ्यात लग्नाचे व्हिडिओ काढणारा एकजण होता, आकाशात ते कॅमेऱ्याचं भिरभिरं सोडायचा. काकू त्याला तोंडावर म्हणायच्या, "तुझ्यात सगळंच हलतंय रे. मग माणसानं बघायचं काय?" त्या स्वतः करायच्या ते जिफ, फोटोतलाच एखादा तुकडा हलणारं. तो शब्द त्यांना आवडायचा नाही. त्या म्हणायच्या 'हलतं'. "आज दोन हलती करायचीत." आणि हलत्याचा मंत्र, जो मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकला की मला झोपेतही म्हणता येईल, "एकच गोष्ट हलव. बाकीच्यांना गप बसव."

एका पावसाळ्यात भुशी धरणावर भिजून आलेले चार मित्र दुकानात शिरले. चौघांचा धबधब्यासमोरचा फोटो होता, त्यांना त्यातलं पाणी हलतं करून हवं होतं. काकूंनी फोटो बघितला, चौघांकडे बघितलं.

"तुमच्यात सारखा फुशारक्या मारणारा कोण?"

तिघांनी एकाकडं बोट दाखवलं. काकूंनी पाणी तसंच ठेवलं, दगडासारखं, आणि त्या एकाचं शर्टाबाहेर आलेलं पोट तेवढं हलवलं. आत, बाहेर, आत, बाहेर. तिघं हसून हसून दुकानाबाहेरच्या चिखलात बसले. चौथा म्हणाला, "काकू, पाणी सांगितलं होतं हो!"

"पाणी तर हलतंच. त्यात बघायचं काय?"

शिकवायची पद्धतपण त्यांचीच. पहिल्या दिवशी त्या घरातून भाकरीची चवड घेऊन आल्या आणि ती कीबोर्डवर ठेवली. "हे थर. लेयर म्हणतात ते. वरची भाकरी दिसते, खालच्या झाकलेल्या. कळलं?" मी मान हलवली. "वरची उचलली तर?" "खालची दिसंल." "झालं. निम्मं सॉफ्टवेअर तुला आलं. उरलेलं निम्मं म्हणजे कुठली भाकरी कधी उचलायची."

खरंच तेवढंच असतं ते. फोटो सगळ्यांत खाली. जे हलवायचं त्याचे तुकडे कापून वर एकेका थरावर. खाली पट्टीत चौकटी मांडायच्या, त्यांना फ्रेम म्हणतात. या फ्रेममध्ये हा थर दाखव, पुढच्या फ्रेममध्ये झाक. फ्रेमखाली लिहायचं, ती किती वेळ थांबणार. शेवटी सांगायचं, हे एकदाच दाखव का कायम फिरत ठेव. पापण्यांचं माप काकूंनी ठरवून दिलं होतं. डोळे दोन सेकंद उघडे, पाव सेकंद मिटलेले. "जास्त वेळ मिटलेस तर माणूस गेल्यासारखा वाटतो. कमी मिटलेस तर चोरासारखा."

माझा पहिला मोठा धडा वायरमनच्या नाकावर झाला. दुकानासमोरची तार लोंबत होती, आज येतो उद्या येतो करत वायरमन येईना. काकूंनी 'निजलेले' उघडून तो काढला. "ह्याच्या नाकावरून माशी चालव." मी एक माशी कापली, तिला थरावर ठेवली, आणि आठ फ्रेमांमध्ये जराजरा सरकवत एका गालावरून दुसऱ्या गालावर नेली. अख्खा दिवस लागला. खाली काकूंनी लिहायला लावलं, "दुरुस्ती चालू आहे." आणि तो स्क्रीन रस्त्याकडं तोंड करून काचेत ठेवला. माणसं थांबून बघायला लागली. तासाभरात वायरमन शिडी घेऊन हजर. तार ओढून झाल्यावर काचेपाशी उभा राहून त्यानंही बघितलं. "काकू, माशी जरा हळू चालतीया," म्हणाला.

"तुझ्यापेक्षा जोरात चालते."

आता आम्ही गुजरातेत असतो, मिस्टरांच्या कामापायी. घरात जुना लॅपटॉप आहे, दुकानांच्या जाहिराती मी हलत्या करून देते, आणि त्यावर आमचं बरंचसं चालतं. अजूनही काम पाठवायच्या आधी मी सगळ्या फ्रेमा एकेक करून बघते. ही सवय ज्या दिवशी लागली, त्या दिवसाची गोष्ट सांगितल्याशिवाय काकू सांगून होणार नाहीत.

आंदर मावळात एक आबा होते. गळ्यात माळ, गावातले मोठे शेतकरी, तंटामुक्तीचे अध्यक्ष. भाऊबंदकी असो का बांधाची भांडणं, आबा ओट्यावर येऊन बसले की दोन्हीकडचे आवाज खाली यायचे. आबांना हसताना कुणी बघितलेलं नाही, असं त्यांचा नातूच सांगायचा. आबांची पंच्याहत्तरी आली. नातवाला मोबाईलवरून धाडायला हलतं आमंत्रण पाहिजे होतं. आबांचे दोन्ही फोटो काकूंकडे होतेच, बँकेच्या कामाला काढलेले.

काकू त्या दिवशी लोणावळ्याला बहिणीकडे निघाल्या होत्या. पिशवी उचलत म्हणाल्या, "तू कर. एकटीनं." आणि गेल्या.

त्याच दुपारी मिस्टरांचा फोन आला. कंत्राटी कामगारांना कंपनी सात महिन्यांनी ब्रेक देते, तो त्यांना महिन्यापूर्वीच मिळाला होता. आता ठेकेदार म्हणत होता, परत कधी बोलावतील सांगता येत नाही. म्हणजे घोरावाडीत राहायचं तर माझ्या या कामावरच. हे गेलं की गाठोडं बांधून परभणीला, सासऱ्यांच्या दारात.

मी आमंत्रण करायला बसले. वर आबांचा चेहरा, खाली एकेक ओळ येत जाणार. 'आमच्या आबांची पंच्याहत्तरी.' मग 'आपण सर्वांनी अगत्य येण्याचे करावे.' मग शेवटची ओळ, 'भोजन शाकाहारी आहे.' माळकऱ्याच्या घरी दुसरं काय असणार, पण ती ओळ पाहिजेच, असा आबांचा हट्ट होता. आणि ती ओळ आली की आबा एकदा पापण्या मिटणार, नमस्कार केल्यासारख्या. मग सगळं पहिल्यापासून.

दोन फोटोंमध्ये आबांची मान जराशी कलली होती, त्यामुळं मिटलेले डोळे एकदम बसेनात. मी दोन्ही वेगळे कापले. डावा एका थरावर, उजवा दुसऱ्या. छान बसले. मग मी तपासायला लागले. नववीत शाळा सुटलेलं माणूस काय तपासणार? अक्षरं. 'अगत्य' बरोबर आहे का, 'शाकाहारी'ला दुसरी वेलांटी आहे ना, 'पंच्याहत्तरी'त 'त्त' जोडलेला आहे ना. पाच वेळा बघितलं. अक्षरात एक चूक नव्हती. नातू दारात गाडी चालू ठेवूनच उभा होता. मी आमंत्रण पाठवलं, त्यानं तिथूनच सगळ्या ग्रुपवर टाकलं, भजनी मंडळ, तंटामुक्ती, महिला बचत गट, पाहुणेरावळे.

आबांचा चेहरा मात्र मी एकदाही बघितला नव्हता. शेवटच्या फ्रेममध्ये मी उजव्या डोळ्याचाच थर दाखवला होता. डाव्याचा थर झाकलेला, तो डोळा उघडाच राहिला.

म्हणजे 'भोजन शाकाहारी आहे' असं लिहून यायचं, आणि आबा डोळा मारायचे.

संध्याकाळी नातवाचा फोन. "ताई, तुमी काय करून ठेवलंय? आबांला फोनावर फोन येत्यात!" पहिला आबांच्या मेव्हण्याचा. "दाजी, कळलं बरं का. मागल्या दारी कितीला येऊ?" मग भजनी मंडळातल्या पेटीवाल्याचा, "आबा, बोकड कुनाकडचा घेतलाय? आमच्याकडं हाय एक." शेजारच्या गावच्या पोलीस पाटलानं तर विचारलं, येताना घरनं ग्लास आणायचे का. बचत गटाच्या अध्यक्षीणबाईंनी फोनच बंद करून ठेवला होता.

सकाळी काकू आल्या. मी दारातच उभी होते, डोळे सुजलेले. त्यांनी आमंत्रण लावलं. ओळ आली, डोळा मारला. ओळ आली, डोळा मारला. काकूंची मिश्री नाकात गेली. खोकत, शिंकत, टेबलावर हात आपटत त्या हसत राहिल्या.

"काकू, मला काढू नका," मी म्हटलं.

"गप गं. अजून एकदा बघू दे."

"काकू, मिस्टरांचा ब्रेक..."

"माहितीय. भिंत एकच आहे आपली, सगळं ऐकू येतं." त्यांनी डोळे पुसले. मग आवाज बदलला. "थर दोन केलेस, उघडलास एक. चूक तुझीच. ज्यांचं नुकसान झालंय ते यायचेत. तुला ठेवायचं का काढायचं, ते आले की बघू."

ते अकराला आले. एकाच मोटरसायकलवर तिघं, पुढं नातू, मधे आबा, मागं आजी. आबांचा फेटा वाऱ्यानं एका कानावर आला होता, पण हसायची कुणाची छाती नव्हती.

"कुनी केलं ह्ये?"

मला वाटलं काकू म्हणतील, मी केलं. काकू म्हणाल्या, "हिनं."

 काकूंनी एक खुर्ची ओढून माझ्या खुर्चीला लावली. "आबा, बसा हितं. दुरुस्तीपण हीच करणार. मी हात लावणार नाही. काय करतीय ते नीट बघा."

आबा बसले. मी माऊस धरला. थर दाखवले, फ्रेमा दाखवल्या. ही चूक झाली, म्हटलं. दुसरा डोळा दाखवला. स्क्रीनवर आबांचे दोन्ही डोळे मिटले आणि फ्रेम तिथंच थांबली.  मोठ्या स्क्रीनवर आपलाच मिटलेला चेहरा आबा बघत होते.

"असाच दिसनार व्हय मी," ते हळूच म्हणाले.

आजी मागून पुढं झाल्या. "पोरी, उघड की गं त्यांचं डोळं."

मी पुढच्या फ्रेमवर गेले. डोळे उघडले. आबांनी श्वास सोडला.

"मिटलेले किती वेळ ठेवू, आबा?" मी विचारलं.

"कमी ठेव."

"पाव सेकंद असतं."

"त्याच्यापरीस कमी न्हाई का व्हत?"

मी आणखी कमी केलं. आबांनी चार वेळा फिरवून बघितलं, मान हलवली. तेव्हा काकू काउंटरवर हात ठेवून म्हणाल्या, "आबा, आता तंटा मिटवा. तुम्हीच अध्यक्ष. हिला ठेवू का काढू?"

आबांनी फेटा नीट केला, जसा ओट्यावर बसल्यावर करत असतील. माझ्याकडं वळले.

"कुटली तू?"

"परभणीकडची."

"शिकलीस किती?"

हाच प्रश्न. "नववी," मी म्हटलं. "नापास नाही. सुटली."

"माजी चौथीला सुटली." मग स्क्रीनकडं बघून, "अक्षार समदं बरुबर हाय का?"

"हो, आबा. पाच वेळा बघितलं."

"मंग ठेवा हिला," आबा काकूंना म्हणाले. "चौथीवाल्याच्या कागदात अक्षार चुकलं तर लोक माजं शिक्षान काढतील. डोळा चुकला तर नुसतं हसत्यात."

ते उठले. नातवानं गाडी चालू केली. आजी मात्र माझ्यापाशीच घुटमळल्या. आबा दाराबाहेर गेल्यावर त्यांनी लुगड्याच्या ओच्यातून मोबाईल काढला आणि माझ्या कानाशी लागल्या. "ते पयलं पुसू नगंस. माज्या ह्येच्यात घालून दे. पंचावन्न वरसांत पयल्यांदाच मारलाय मला डोळा."

बाहेरून हाक आली, "अगं, चल की! काय करतीयास?"

"आले! पानी पितीया!"

दुरुस्त आमंत्रण सगळ्या ग्रुपवर गेलं. त्यानं प्रकरण आणखीच बिघडलं. लोक म्हणाले, आधी एकच डोळा होता, आता आबांनी दोन्ही मिटले, म्हणजे पक्कं. काकू पंच्याहत्तरीला जेवायला जाऊन आल्या, मला घेऊन. इतकी माणसं आली होती की पंगती अंगणातून रस्त्यावर गेल्या. लापशी, आमटी, भात. मेव्हणे दोनदा घराच्या मागं जाऊन आले. तिथं गोठ्यात म्हैस होती, तिनं त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी तिच्याकडं. आबा मधोमध बसले होते, तोंडावरची एक सुरकुती न हलवता वाढप्यांना सांगत होते, "पावन्यांला भात घाला, उपाशी दिसत्यात." काकूंनी मला कोपरानं ढोसलं. "बघ, बघ. एकच गोष्ट हलतीय. मिशी."

मी बघितलं. हलत होती.

त्यानंतर आठवडाभर मी दुकानात घाबरूनच बसायचे. आबांनी ठेवा म्हटलं होतं, काकूंनी त्यावर चकार शब्द काढला नव्हता. सोमवारी दुकानाचा फोन वाजला. काकूंनी उचलला, ऐकलं, आणि रिसीव्हर माझ्यासमोर धरला.

"कोण आहे?"

"तुझं गिऱ्हाईक. मला काय विचारतेस? बोल."

पलीकडून म्हातारा, खणखणीत आवाज आला. "आमची बी पंच्याहत्तरी हाय. आबांच्यावानी डोळा मारनारं पायजे. अन् जेवान शाकाहारीच लिवा."

माझ्या हाताला घाम सुटला. मी पदराला हात पुसला, पेन घेतलं, वही उघडली.

"लिहिते, आजोबा," मी म्हटलं. "डावा का उजवा?"